परत येऊन सांगणारा माणूस

(स्मृती व्याख्यानमाला, धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मसुदा)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी विचारलं, ‘व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तासभर काय बोलणार?’ शंका रास्त आहे. या सभागृहातला प्रत्येक जण दहा-पंधरा ग्रुपांत असेल, आणि त्यातल्या बहुतेकांचा आवाज त्याने बंद करून ठेवला असेल. सकाळी सूर्योदयाची चित्रं, दुपारी कुणाचा वाढदिवस, संध्याकाळी भावपूर्ण श्रद्धांजली. तरीही त्याच मोबाईलमध्ये एखाद-दुसरा ग्रुप असा असतो की तो उघडल्याशिवाय माणूस शेतावर जात नाही, वर्गावर जात नाही, दुकान उघडत नाही. एकाच धंद्यातली, एकाच पेशातली माणसं तिथे एकमेकांना विचारतात आणि सांगतात. असे ग्रुप का टिकतात आणि बाकीचे वर्षभरात का विझतात, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आपल्या जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन, म्हणून तिथूनच सुरू करतो. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शेतीच्या कोणत्याही ग्रुपवर पिवळ्या पानाचा फोटो हमखास येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘सर, उपाय सांगा.’ फोटो एका पानाचा, तोही उन्हात चमकणारा. पाच मिनिटांत सहा उत्तरं येतात. कुणी झिंक म्हणतो, कुणी बुरशीनाशक म्हणतो, आणि एक जण आपल्याच दुकानातल्या टॉनिकचं नाव देऊन ‘पंपाला 50 मिली’ सांगून मोकळा होतो.

आता पिवळेपणाचं काय असतं बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, असं चुनखडीच्या रानात दिसलं तर बहुधा लोहाची कमतरता असते. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असले तर पिवळा मोझॅक. तो विषाणू, पांढरी माशी त्याला रानभर नेते. त्या झाडाला औषध नाही, ते उपटूनच टाकावं लागतं. शेंडा मान टाकून वाळत असेल तर खोडावर चक्रीभुंग्याच्या दोन खाचा सापडतात का ते पाहावं. आणि आठवडाभर पाणी साचून राहिलं तर सगळं रानच पिवळं पडतं. रंग एकच, कारणं चार, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू नाही. म्हणून ज्या ग्रुपात शिस्त आहे तिथे ‘उपाय सांगा’ला उत्तर मिळत नाही, उलट प्रश्न येतात. वाण कोणता? फुले संगम की जेएस 335? पेरणी कधीची? जमीन कशी? आतापर्यंत काय काय फवारलं? पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, रानाचा लांबून एक टाका. नवख्या माणसाला हा छळ वाटतो. दोन-तीनदा या चौकशीतून गेला की तो पुढच्या वेळी सगळं आधीच लिहून टाकतो. विचारायला शिकला की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम जवळजवळ कुणीच करत नाही. उत्तर मिळाल्यावर माणूस नाहीसा होतो. फवारलं का? पानं हिरवी झाली का? पैसे वाया गेले का? काही पत्ता नाही. आठ दिवसांनी त्याच बांधावर, त्याच जागी उभं राहून काढलेला फोटो टाकणारा आणि ‘सांगितलं तसं केलं, फरक नाही, मग अमुक निघालं’ असं लिहिणारा माणूस शंभरात एखादा. माझं म्हणणं असं की ग्रुप चालतो तो या एकाच्या जिवावर. उत्तरं देणारे सगळीकडे भरपूर असतात, आपल्याकडे तर जरा जास्तच. पण कोणतं उत्तर रानात खरं ठरलं हे परत येऊन सांगणारा नसेल तर बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर यांची किंमत सारखीच राहते. मग जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो, आणि जाणता माणूस हळूच गप्प होतो.

2022 च्या जुलैत धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली तेव्हाची गोष्ट आठवा. दुबार पेरणीची वेळ आली. मोबाईलवर उपायांचा पाऊस पडला. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाकडेला टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात मारा. चुन्याचा पट्टा ओढा. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाका. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तुम्ही पोतं टाकून वेचलं आणि शेजाऱ्याने नाही, तर चौथ्या रात्री त्याच्या गोगलगायी बांध ओलांडून तुमच्याकडे हजर. म्हणूनच कृषी विद्यापीठ सामूहिक मोहीम सांगत होतं. तीनशे किलोमीटरवरच्या माणसाने दिलेलं उत्तर कितीही बरोबर असलं तरी बांधाला बांध लागून असलेली चार माणसं एकत्र आली नाहीत तर ते उपयोगाचं नाही. म्हणजे ग्रुप दूरच्या माणसांचा हवा आणि जवळच्यांचाही हवा. नुसता दूरच्यांचा असला तर ज्ञान येतं, हात येत नाहीत.

मोबाईल नव्हते तेव्हा हे दोन्ही कसं साधलं, याचं उदाहरण शोधायला या जिल्ह्याला बाहेर जावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती. किल्लारी, सास्तूर आणि त्या परिसरात भूकंपाने काय झालं ते तुमच्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुमारे 8 हजार माणसं गेली. नवीन वसवलेल्या गावांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पडझड झालेली, तडे गेलेली आणि जागेवरच दुरुस्त करायची घरं सुमारे दोन लाख होती. त्या कामात लोकांचा सहभाग उभा करण्याची जबाबदारी ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. प्रेमा गोपालन तिच्या संस्थापक. त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या आणि त्यांना नाव दिलं ‘संवाद सहायक’.

या बायकांनी केलं काय? आपल्याकडच्या दगडमातीच्या जाड भिंती आतून दोन थरांच्या असतात. हादरा बसला की थर सुटतात आणि भिंत पोटातून फुगून फुटते. थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यात बसवायचे, माळवदावर वर्षानुवर्षं चढलेली माती उतरवायची, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे. हे इंजिनियर सांगत होते. पण स्वतःच्या घराची भिंत फोडून मधे दगड घालून घ्यायला कोण तयार होणार? मग एका गावच्या बायका दुसऱ्या गावात जाऊन दुरुस्त झालेलं घर हाताने चाचपून बघायच्या. घरच्या बाईला विचारायच्या: गवंडी किती दिवस लागला, अनुदानाचा हप्ता कधी मिळाला, सिमेंटची पोती मोजून घेतली का. आणि परत आपल्या गावात येऊन सांगायच्या. इंजिनियरचं ऐकून न हलणारं गाव या सांगण्यावर हललं, कारण सांगणारीचं घर त्याच गल्लीत होतं. खोटं निघालं तर तिला रोज तोंड दाखवायचं होतं.

2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, घरं वेगळी, अनुभव मात्र सारखा. पुढे 2012 नंतरच्या दुष्काळी वर्षांत हीच वीण शेतीकडे वळली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाने कसायचा. त्यात नगदी पिकाऐवजी कडधान्यं, भाजीपाला, भरडधान्यं मिसळून घ्यायची. शेणखत, गांडूळखत वापरायचं. एकीने केलं, दहा जणींनी येऊन बघितलं. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांचं नाव यातूनच जगभर गेलं. 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ला मिळाला. पुरस्कार हा मला तेवढा कौतुकाचा भाग वाटत नाही. मला नवल वाटतं ते याचं की भिंत दुरुस्त करण्यासाठी जमलेली माणसं पंचवीस वर्षांनी पीक पद्धतीवर बोलत होती. विषय संपला तरी समूह संपला नाही, कारण जाऊन बघायची आणि परत येऊन सांगायची सवय अंगवळणी पडली होती.

आता एक अवघड प्रश्न. आपल्या धंद्यातलं गुपित माणूस दुसऱ्याला का सांगेल?

याचं उत्तर द्राक्षवाल्यांकडे आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ 1960 साली स्थापन झाला. चर्चासत्रं, शिवारफेऱ्या, ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक, असं सगळं मोबाईलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत वेगळी वेल दिसली, तिची ‘तास-ए-गणेश’ ही जात झाली. इथून जवळच, सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ निवडली, पुढे ‘शरद सीडलेस’ दिली. या जाती कुठल्या प्रयोगशाळेतून आल्या नाहीत. बागाईतदाराच्या नजरेने त्या हेरल्या, आणि काडी हातोहात गेली म्हणून हजारो एकरांवर पसरल्या. छाटणी कुठल्या डोळ्यावर घ्यायची, घडांची जीएत (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात) बुडवणी कधी करायची, हे एकाने दुसऱ्याच्या मांडवाखाली उभं राहून शिकलं.

हे लोक आपल्यापेक्षा मनाने मोठे आहेत, असं मी म्हणणार नाही. हिशेब असा की शेजारचा बागाईतदार त्यांचा स्पर्धक नव्हता. गिऱ्हाईक मुंबईत, दिल्लीत, युरोपात. शेजाऱ्याचा माल चांगला निघाला तर व्यापारी गावात येतो, दोघांचंही भलं होतं. आणि उलटही घडलं. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. वेलीची फाजील वाढ रोखायला हे संजीवक सर्रास वापरलं जायचं. ते न वापरणाऱ्याचेही पैसे त्या मोसमात अडकले. तेव्हापासून दुसऱ्याच्या बागेत काय फवारलं जातं ही ज्याची त्याची खासगी बाब राहिली नाही. जिथे माझं नुकसान तुझ्या चुकीवर अवलंबून असतं तिथे मी तुला शिकवतोच. याच्या उलट एका गल्लीतले तीन फोटोग्राफर घ्या. त्यांचा ग्रुप काढून दिला तर त्यात कॅमेऱ्यांच्या जाहिराती येतील, लग्नसराईतला भाव कुणी सांगणार नाही. सांगावा तरी का? तेच तिघे तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपात घाला, भडाभडा बोलतील. ग्रुप काढताना माणसं कोण आहेत यापेक्षा त्यांची गिऱ्हाइकं कोण आहेत हे आधी बघावं.

दुसरी अडचण साहेबांची. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते शिक्षक होते, म्हणून हे उदाहरण शिक्षकांचंच देतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मुलं स्वतः करून शिकतात अशा ज्ञानरचनावादी पद्धतीने शाळा बदलल्या. राज्यभरातून शिक्षकांचे जथे ते बघायला गेले. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हा या भेटींना आणि शिक्षकांच्या ग्रुपांना मोठा जोर चढला. फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्यांचे गठ्ठे, वाचनाचे तक्ते: एका शाळेत सकाळी केलेला प्रयोग संध्याकाळी दुसऱ्या जिल्ह्यात पोचायचा. मग त्याच ग्रुपांतून आदेश येऊ लागले. ‘सोबतची लिंक आज पाच वाजेपर्यंत भरावी.’ ‘माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ ज्या खोलीत साहेब बसलेले असतात तिथे ‘माझ्या वर्गातल्या सात मुलांना अजून वजाबाकी येत नाही, काय करू?’ असं कोण विचारेल? तिथे यशोगाथाच येतात, आणि फोटोत सगळी मुलं हसत असतात. अडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या यशोगाथेचा उपयोग फार थोडा. अधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती की आदेशांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि दुसऱ्यात डोकावू नका.

जाणकार माणूस मात्र ग्रुपात लागतो, तो साहेब म्हणून न येता सोबती म्हणून आला तर. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. राज्यातली तिची पहिली शास्त्रीय नोंद प्रसिद्ध करणाऱ्यांत डॉ. अंकुश चोरमुले हे कीटकशास्त्रज्ञ होते. समाजमाध्यमांवर उभ्या राहिलेल्या ‘होय आम्ही शेतकरी’ या समूहाशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. मक्याच्या पोंग्यातली अळी हातावर घेऊन डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके आहेत का ते बघा, एवढं शेतकऱ्याला कळलं की प्रत्येक बांध हे निरीक्षण केंद्र होतं. कुठल्याही खात्याला एवढी माणसं नेमता येणार नाहीत.

न बोलणाऱ्यांविषयी ग्रुप चालवणाऱ्यांची नेहमी तक्रार असते. पाचशे सभासद, बोलतात वीस. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोघांनी 1991 मध्ये शिकण्याच्या प्रक्रियेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे नवा पोरगा आधी काजं-बटणं आणि दुमडपट्टी करतो, मग शिवायला लागतो, कापड बेतायला सगळ्यात शेवटी. कडेला बसून तो तयार कपडा कसा असतो हे आधी बघून घेतो. ग्रुपातले गप्प लोक असेच कडेला बसलेले असतात. त्यांना हाकलू नये. त्यांच्याकडे बटण लावण्याइतकं काम द्यावं: आज तुमच्या गावात किती मिलिमीटर पाऊस झाला, बाजार समितीत तुरीला काय दर निघाला, एवढंच टाका. आकडा टाकणारा माणूस महिन्याभरात प्रश्न टाकतो.

अफवेबद्दल थोडकंच बोलतो, पण गाळून चालणार नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ढकललेल्या मजकुराला धनी नसतो. म्हणून धंद्याच्या ग्रुपात एकच नियम कडक असावा: स्वतः केलेलं किंवा स्वतः पाहिलेलं सांगा, गावाचं नाव घालून सांगा. हा नियम पाळायला लावणं हे ॲडमिनचं काम, आणि ते बिनपगारी, वाईटपणा घेणारं काम आहे. आमदारांच्या वाढदिवसाचा फोटो काढून टाकायला हिंमत लागते. 2016 मध्ये ग्रुपात 256 माणसं मावू लागली, 2022 मध्ये 1024. संख्या वाढली तसे ॲडमिन खूश झाले आणि चर्चा पातळ झाली. माझ्या पाहण्यात जे ग्रुप टिकले त्यांच्या ॲडमिननी माणसं घेताना हात आखडता ठेवला, आणि वर्षातून एकदा तरी सगळ्यांना कुणाच्या तरी रानात जमवलं. प्रत्यक्ष भाकरी एकत्र खाल्लेला माणूस ग्रुपात उद्धट बोलत नाही.

काही तरुण म्हणतील, आता या सगळ्याची गरज काय? 2025 मध्ये कृषी विभागाने ‘महाविस्तार’ ॲप आणलं, यंत्राला मराठीत विचारा, उत्तर हजर. जरूर विचारा. रात्री अकरालाही ते कंटाळत नाही, आणि अडाणी प्रश्नाला हसत नाही. पण ते उत्तर तुमच्या चुनखडीच्या रानात चाललं की नाही हे यंत्राला कळायचं असेल तरी कुणीतरी परत येऊन सांगावंच लागेल.

आणि सांगणार कोण, यावरच मी थांबणार आहे. सोयाबीनची खुरपणी बाया करतात. पानाची खालची बाजू, खोडावरची खाच, मातीत दडलेली गोगलगाय आधी त्यांना दिसते. मोबाईल मात्र नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, आणि तो पारावर. जिल्ह्यातल्या शेतीच्या बहुतेक ग्रुपांत सभासदांची यादी उघडून बघा, बायकांचे नंबर बोटांवर मोजण्याइतके. चर्चा रंगते रात्री नऊला, जेव्हा त्या भांडी घासत असतात. ज्या जिल्ह्यात तीस वर्षांपूर्वी बायकांनी गावोगाव फिरून घरं दुरुस्त करून घेतली, तिथलीच ही यादी. इथे बसलेल्या ॲडमिन मंडळींना माझं सांगणं आहे की मिरगाआधी आपापल्या ग्रुपात खुरपणाऱ्या बायांचे नंबर घ्या, आणि प्रश्नोत्तरांची वेळ दुपारी दोनची ठेवा. तेव्हा त्या बांधावर भाकरी सोडून बसलेल्या असतात. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी बोलून पाठवायचं, शेजारणीच्या मोबाईलवरून. आठ दिवसांनी तिलाच विचारायचं, पान हिरवं झालं का.